कुंडावर जाण्यापूर्वी

मूर्तिजापूरच्या व्यापारी घरांत सहलीचा बेत पंचांगाआधी वहीत ठरतो. सोयाबीनची आवक ओसरलेली असते, कापसाच्या पहिल्या वेचण्या जिनिंगला गेलेल्या असतात आणि नवी तूर बाजारात यायला थोडा अवकाश असतो. पौषातल्या अशा दोन-तीन मोकळ्या दिवसांत घर बाहेर पडते.

एका घरी यंदा असाच बेत निघाला. नातवाने मोबाइलवर जपानमधील उष्णोदकाच्या कुंडांची छायाचित्रे दाखवली. चोहीकडे बर्फ आणि मध्ये वाफाळणारे पाणी पाहून सर्वांना मौज वाटली. सुनेला सासूबाईंचे दुखरे गुडघे आठवले. आजोबांनी आधी विमानाचे भाडे विचारले आणि मग म्हणाले, “ऊन पाण्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? मोर्शीजवळ सालबर्डी आहे की.” बेत तेथेच ठरला. तेव्हा नातू उत्साहाने म्हणाला, “आजी, तुमची तर सोयच झाली. तिथं पाणी जमिनीतूनच गरम येतं. तुमच्यासाठी वेगळं उकाळायला नको.”

आजींचा उकाळलेल्या पाण्याचा नियम कित्येक वर्षांचा. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरातील इतरांनाही नेमके उत्तर सुचले नाही. प्रश्न साधा होता, पण सहलीच्या सामानाच्या यादीपेक्षा महत्त्वाचा होता.

मराठी माणसाने ऊन पाण्याच्या जागा फार पूर्वीच ओळखून ठेवल्या आहेत. दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, चोपडा तालुक्यातील उनपदेव, किनवट तालुक्यातील उनकेश्वर या सर्व नावांत ‘ऊन’ हा शब्द बसलेला आहे. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी आणि गणेशपुरी तर सर्वपरिचितच आहेत. वऱ्हाडच्या वाट्याला आलेले सालबर्डी हे सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर वसलेले आहे. तेथे उष्ण पाण्याचे झरे आहेत आणि डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते.

वऱ्हाडात जिवंत ज्वालामुखी नाही, मग पाणी तापते कशाने? सातपुड्याच्या दक्षिण कडेने भूगर्भात एक मोठा भंग गेलेला आहे. भूशास्त्रज्ञ त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात. पावसाचे पाणी अशा भेगांतून खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने उष्णता वाढत जाते. तेथे तापलेले पाणी भेगांच्याच वाटेने पुन्हा वर येते. म्हणजे कुंडातील पाणी हे पूर्वी केव्हातरी पडलेल्या पावसाचेच पाणी असते.

आता आजींच्या नियमाकडे वळावे. नातवाच्या मनातला प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. तो प्रत्यक्ष राजगृहात विचारला गेला होता. आजचे राजगीर म्हणजे मुनिसुव्रत स्वामींची जन्मभूमी. राजगृह आणि नालंदा येथे मिळून भगवान महावीरांनी चौदा चातुर्मास केले, असे कल्पसूत्र सांगते. तेथील वैभारगिरीच्या पायथ्याशी उष्ण पाण्याची कुंडे आजही वाहतात. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात, पाचव्या उद्देशकात याच झऱ्याविषयी गौतमस्वामींनी प्रश्न केला आहे. अन्यतीर्थिक लोक वैभारगिरीखाली अनेक योजने पसरलेला मोठा जलाशय असल्याचे सांगतात, ते खरे काय, असा तो प्रश्न. भगवंतांनी ते मत नाकारले. तेथे ‘महातपोपतीरप्रभव’ नावाचा पाचशे धनुष्य लांबी-रुंदीचा झरा आहे, असे त्यांनी सांगितले. त्यात उष्णयोनीचे अनेक जीव आणि पुद्गल पाण्याच्या रूपाने उत्पन्न होतात व च्यवतात, आणि त्यातून ऊन पाणी सतत झरत राहते, असा त्या उत्तराचा आशय आहे.

या उत्तरातील ‘उष्णयोनी’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. योनीचे शीत, उष्ण आणि मिश्र असे भेद तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातही येतात आणि तो ग्रंथ श्वेतांबर व दिगंबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. काही जीवांचे जन्मस्थानच उष्ण असते. आपण चुलीवर पाणी उकाळतो तेव्हा त्या पाण्यावर त्याच्या प्रकृतीविरुद्ध असा अग्नीचा संस्कार होतो आणि ते अचित्त होते. झऱ्याचे पाणी मात्र उष्णच जन्मते. उष्णता हीच त्याची प्रकृती असल्याने ते उष्ण असले तरी सचित्तच राहते. हाताला लागणारा चटका हे अचित्ततेचे प्रमाण नव्हे. म्हणून उकाळलेल्या पाण्याचा नियम असलेल्यांनी कुंडाचे पाणी आपल्या नियमात चालते असे धरू नये आणि वाटेत भेटलेल्या साधु-साध्वींना ते प्रासुक समजून वहोरावू नये. आजी गप्प राहिल्या होत्या, पण त्यांची शंका बरोबर होती.

आधुनिक विज्ञानातील एक घटना येथे आठवते. १९६६ साली अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना सुमारे ७० अंश सेल्सिअसला सुखाने वाढणारा सूक्ष्म जिवाणू मिळाला. १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे त्याच जिवाणूतील एका घटकाच्या साहाय्याने जनुकांच्या प्रती काढण्याची पद्धत उभी राहिली आणि करोनाच्या काळात घशातील नमुने त्याच पद्धतीने तपासले गेले. ऊन पाणी निर्जीव असते, हा समज तेथे मोडला. तथापि ही आगमवचनाची सिद्धता म्हणून मिरवू नये. विज्ञान पाण्यात राहणाऱ्या जीवांविषयी बोलते, तर आगम पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा अप्कायिक जीवांविषयी बोलते. दोन विधाने वेगळी आहेत. वेगळी असूनही ती दोन्ही कुंडाच्या काठावरील माणसाला सावध करतात, एवढे खरे.

मग जैन कुटुंबाने अशा ठिकाणी जाऊच नये काय? तसे नाही. गृहस्थ रोज घरी सचित्त पाण्याने स्नान करतोच. श्रावकधर्म त्याला पाणी वर्ज्य करायला सांगत नाही, जयणा पाळायला सांगतो. कुंडावर जयणेचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. पाण्यात उड्या मारू नयेत, एकमेकांवर पाणी उडवू नये, साबण, तेल वा उटणे लावून कुंडात उतरू नये. शक्य असेल तेथे बादलीत पाणी काढून, गाळून, कुंडापासून दूर बसून त्याने अंग शेकावे. गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी ज्या पाण्यातील आहे त्याच पाण्यात अलगद परत सोडावी. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. ऊन पाण्याची जिवाणी शेजारच्या थंड नदीत टाकली तर गाळण्याचा हेतूच फसतो.

आश्चर्य असे की, ज्या जपानची छायाचित्रे नातवाने दाखवली तेथेही कुंडाचा आचार कडक आहे. उष्णोदकाला जपानी भाषेत ‘ओनसेन’ म्हणतात. १९४८ च्या कायद्याने त्याची व्याख्या ठरवली आहे : जमिनीतून येताना पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे किंवा त्यात ठरावीक द्रव्यांपैकी एखादे द्रव्य पुरेशा प्रमाणात असावे. स्नानाला येणारा माणूस प्रथम बाहेर बसून अंग स्वच्छ धुतो आणि नंतरच कुंडात उतरतो. साबण कुंडात नेत नाहीत, पंचाही पाण्यात बुडवत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत. कुसात्सु गावी तर अतिशय तप्त पाण्यात थंड पाणी न मिसळता लांब लाकडी फळ्यांनी ते ढवळून निववण्याची जुनी रीत आहे. त्या आचाराचे कारण वेगळे आहे. तेथे पुढच्या स्नानार्थ्याचा आणि पाण्याच्या गुणाचा विचार असतो, येथे पाण्यातील जीवांचा. पण पाणी आपल्या मालकीचे नाही, ही जाण दोन्हीकडे सारखीच आहे.

व्यापारानिमित्त ज्यांचे जपानला जाणे-येणे असते त्यांच्यासाठी एक माहिती उपयोगाची आहे. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापाराने स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी १९८५ साली महावीर स्वामींचे मंदिर उभारले. त्याच शहराच्या हद्दीत, रोक्को डोंगराच्या पलीकडे अरिमा हे जपानमधील अतिप्राचीन उष्णोदकांपैकी एक स्थान आहे. लोहामुळे तांबूस झालेले तेथील पाणी प्रसिद्ध आहे. सालबर्डीप्रमाणे अरिमाजवळही जिवंत ज्वालामुखी नाही. सकाळी जिनदर्शन आणि दुपारी अरिमा असा एका दिवसाचा बेत तेथे सहज बसतो. मात्र भोजनाची व्यवस्था आधी करावी. जपानी खानावळीत भाजीच्या वा कडधान्याच्या पदार्थांतही माशापासून काढलेला रस्सा बहुधा असतो. हाकोनेच्या बाजूला गंधकाच्या पाण्यात उकडलेली काळी अंडी पर्यटकांना कौतुकाने दिली जातात. ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही, मासळीचा रस्साही नको हे स्पष्ट सांगावे लागते.

सालबर्डीच्या बेताला अशी अडचण नाही. मूर्तिजापूरहून अमरावती, मोर्शी आणि सालबर्डी असा सरळ मार्ग आहे. दुकानाच्या सुटीला जोडून दोन दिवस काढावेत, पण आठम-चौदस टाळावी. त्या तिथींना घरात कोणाचा ना कोणाचा उपवास वा आयंबिल असते आणि रिकाम्या पोटी ऊन पाण्यात बसल्यास घेरी येण्याचा संभव असतो. महाशिवरात्रीच्या गर्दीचे दिवसही वगळावेत. निघण्यापूर्वी मोर्शीकडील एखाद्या परिचिताकडून पाण्याची आणि वाटेची सद्यःस्थिती विचारून घ्यावी.

पौषात वऱ्हाडात सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते. पहाटे निघाले तर अमरावती ओलांडण्यापूर्वी वाटेतच पच्चक्खाण पारता येते. साडेदहा-अकराला कुंडावर पोहोचून स्नान, त्यानंतर डब्यातील भोजन, आणि दीडच्या आत निघावे. मोर्शी, चांदूरबाजार, परतवाडा या वाटेने मुक्तागिरी गाठायला अडीच तास हाताशी ठेवावेत. बावन्न मंदिरांचे हे दिगंबर सिद्धक्षेत्र श्वेतांबर घरांनाही परके नाही. तेथे धर्मशाळेत मुक्काम करता येतो आणि वेळेत पोहोचल्यास चौविहार सांभाळून भोजन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर या मार्गाने परतावे. हा जुन्या शकुंतला गाडीचा मार्ग. ती गाडी आता धावत नाही, पण ज्यांनी लहानपणी तिच्यातून प्रवास केला आहे त्यांच्याजवळ मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

गुडघ्यांसाठी जाणाऱ्यांनी एक हिशेब मांडावा. ऊन पाण्याने स्नायू सैल होतात, वेदना काही काळ हलकी होते, परंतु झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. मुक्तागिरीला पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व पायऱ्या चढण्याचा हट्ट वृद्धांनी करू नये. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ऊन पाण्यात बसू नये. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाय आधी पाण्यात घालू नये, कारण पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. पाणी किती ऊन आहे ते घरातील दुसऱ्या कोणीतरी हाताने पाहावे. एका वेळी दहा मिनिटे पुरेशी होत.

राहिला पाण्याचा प्रश्न. श्वेतांबर परंपरेत उकाळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन प्रहर मानतात. प्रहर म्हणजे सुमारे तीन तास. पहाटे पाचला उकाळलेले पाणी त्या दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारापर्यंत चालते. दुसऱ्या दिवशीचे पाणी मुक्कामावर नव्याने उकाळून घ्यावे लागते. त्यासाठी एक पातेले आणि छोटी शेगडी बरोबर असली म्हणजे कोणावर भार पडत नाही.

त्या घरी अखेर यादी झाली. डबे, गरम कपडे, आजोबांच्या गोळ्या. नातवाने भगवतीसूत्रातील प्रसंग उपाश्रयात जाऊन विचारून घेतला होता. त्याने यादीच्या शेवटी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या. पहिली होती, ‘आजींचे पाणी : घरून, उकाळून.’ आणि तिच्याखाली, ‘गाळणी दोन. एक प्यायच्या पाण्याचे, एक कुंडावरचे.’