जामीन हा शब्द आपलाच, मग जामीनदार परका कसा?

रात्री अकराच्या सुमारास राजेश्वर परिसरातील एखाद्या घरी निरोप येतो, की मुलाला पोलिसांनी नेले आहे. अशा वेळी त्या घरातून पहिला फोन कोणाला जातो, हे आम्ही वकिलीच्या इतक्या वर्षांत वारंवार पाहिले आहे. तो जातो लातूरच्या मामांना, उमरग्याच्या साडूंना, फार तर सोलापुरात वकिली करणाऱ्या भाच्याला. संकटात माणूस आपल्या भाषेकडे धावतो, यात नवल नाही. परंतु अटकेनंतरचे पहिले चोवीस तास या धावपळीत निघून जातात. आणि आरोपीच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे असतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक मात्र वाटली गेली नाही. म्हणून आजही आरोपी एका राज्यात आणि त्याला जामीन राहू शकणारा आप्त दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आपल्याकडे नेहमीची आहे.

गंमत अशी, की कचेरीचे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. आपला ‘जामीन’ कन्नडमध्ये ‘जामीनु’, आपला ‘मुचलका’ तिकडे ‘मुच्चळिके’. पण जेथे शब्द सारखा दिसतो तेथेच फसगतही होते. कागदावर ‘निरीक्षणा जामीनु’ असे वाचून एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले होते, “वकीलसाहेब, हे निरीक्षण कोण करणार?” तो होता अटकपूर्व जामीन. ‘दस्तगिरी’ म्हणजे अटक, ‘न्यायांग बंधन’ म्हणजे न्यायालयीन कोठडी, ‘दोषारोपण पट्टी’ म्हणजे दोषारोपपत्र. एवढे चार शब्द ठाऊक असले, तरी घरच्या माणसांची निम्मी भीती कमी होते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटकेचे कारण सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेची माहिती नातेवाइकास वा मित्रास देणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे. तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो, आणि आठवडाभरात जामीनदार देता न आल्यास आरोपीला निर्धन समजून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावयाचे असते. गुन्हा अजामीनपात्र असला म्हणजे जामीन मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. तेथे तो न्यायालयाच्या विवेकावर असतो, एवढेच. आणि तपास ६० दिवसांत, किंवा मृत्युदंड, जन्मठेप वा दहा वर्षे अगर अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, पूर्ण होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. तो आपोआप पदरात पडत नाही. दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. दिवस मोजणारा वकील हवा, तो यासाठी.

तो वकील कोठे शोधावा? वकील अधिनियमाच्या ३० व्या कलमाने वकिलाला देशभर काम चालविता येते, हे खरे. परंतु लातूरचे नामांकित वकील सकाळी बसवकल्याणच्या न्यायालयात पोहोचेपर्यंत पोलीस कोठडीचा आदेश होऊन गेलेला असतो. आणि पुढ्यातील कागद कन्नड असतात. म्हणून आमचा सल्ला असा : ज्या न्यायालयापुढे आरोपीला उभे करणार, तेथील वकील संघाच्या खोलीत जावे. जमिनीचे दावे चालविणारा नको, नित्य फौजदारी काम करणारा कोण ते विचारावे. मराठी समजणारे वकील या भागात दुर्मिळ नाहीत. फी आधी ठरवावी, पावती मागावी. “साहेबांशी बोलणे झाले आहे” असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दारातूनच परत पाठवावे. पैसा नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार कोठडीतील व्यक्तीस, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

येथवर आपले काम झाले. खरी अडचण पुढे आहे. जामीन मंजूर होतो, आणि आरोपी तरीही तुरुंगातच राहतो! कारण जामीनदार म्हणून आलेल्या चुलत्यांची जमीन निलंगा तालुक्यात असते. त्यांच्या हाती सातबारा असतो. कार्यालयात मागितली जाते ती पहाणी. आमच्या एका अशिलाचे या एका कागदापायी अकरा दिवस गेले.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सोडविला आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो भाऊ जामीनदार म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या जिल्हाभेदावर कठोर टीका केली आणि मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा अशा प्रकरणी ही अट घालू नये. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, हेही त्याच आदेशात आहे.

भाषेचेही तसेच. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. इंग्रजी न जाणणाऱ्या त्या गृहस्थाने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सर्व गुन्ह्यांच्या बाबतीत नियम घालून दिला : अटकेची कारणे अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत, लेखी दिली पाहिजेत, ती लगेच देणे शक्य नसल्यास कोठडीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी.

कोणी म्हणेल, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. आम्ही शिकलो आहोत. कन्नडमध्येच युक्तिवाद करतो, आणि त्या भाषेशी आमचे भांडण नाही. परंतु रानात राबणाऱ्या, मराठी शाळेत चौथी शिकलेल्या माणसाला आपल्याला का धरले हे समजू नये, हा कोणत्याही भाषेचा सन्मान होऊ शकत नाही. उद्या उमरग्याच्या ठाण्यात एखादा कन्नड भाषिक मजूर बसला असेल, तर त्याला कारणे कन्नडमध्ये मिळावीत, असेच आम्ही म्हणू.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सीमाभागातील ठाण्यांत अटकेच्या कारणांचा मराठी नमुना तयार असावा. पलीकडचा सातबारा पडताळून स्वीकारावा. आज तो संगणकावर क्षणात पडताळता येतो. आणि विधी सेवा समितीने आपल्या वकिलांची यादी, त्यांना येणाऱ्या भाषांसह, न्यायालयाच्या फलकावर लावावी. यासाठी नवा कायदा नको. आहे तो पाळला तरी पुरे.

तोवर सीमाबांधवांनी एक करावे. आपल्या तालुक्यातील फौजदारी वकिलाचे नाव आजच लिहून ठेवावे. रात्री अकराला निरोप आला, तर पहिला फोन त्यांना करावा, मामांना दुसरा.