दहा सेंटिमीटर

२०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला मराठी साहित्य संमेलन झालं, आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. जुलैत शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत पोचले. या सगळ्यावर लिहायला हवं, पण वर्षभर माझ्या डोक्यात बसलाय तो ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर.

कोणाच्या तरी बांधकामाचं सिमेंट उरलं होतं आणि पोरं बाईक बेफाम हाकतात ही सगळ्यांचीच तक्रार होती. रातोरात काम झालं. हातभर रुंद, वीतभर उंच. ना पट्टे, ना पाटी. शेजारच्या काकू स्कूटरवरून ब्रेकरच्या अलीकडे उतरतात, चालत पलीकडे जातात आणि पुन्हा बसतात. ज्यांच्यासाठी तो घातला ती पोरं मात्र पूर्वीच्याच वेगात उडून जातात.

यात पोरांचं कसब काही नाही. ब्रिटनच्या रस्ते-वाहतूक प्रयोगशाळेतल्या वॉट्स यांनी १९७३ सालीच हे तपासून ठेवलंय. उंचवटा आखूड असला की वेगातल्या गाडीचं नुसतं चाक वरखाली होतं, धक्का स्प्रिंगमध्ये जिरतो. सावकाश जाणाऱ्याच्या कंबरेला मात्र तो पुरता बसतो. म्हणून त्यांनी ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट उंचवटा सुचवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमांतही हीच मापं होती: ताशी २५ किलोमीटरनं जाणाऱ्याला त्रास नाही, त्यापुढे जाणाऱ्याला दणका. शिवाय ४० मीटर आधी पाटी आणि वर काळे-पांढरे पट्टे.

म्हणजे संशोधनाची वानवा नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या पुण्याच्या वाहन-संशोधन संस्थेत गाड्या तपासल्या जातात. आपल्याच मध्य प्रदेशात पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा गुळगुळीत चाचणीमार्ग आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी या सुरक्षा-चाचणीत ताशी ६४ किलोमीटरनं मोटार आदळून तिला तारे देतात, आणि आपण शोरूममध्ये ते तारे मोजतो. ती पाच ताऱ्यांची मोटार मग आपल्या ग्वाल्हेरातल्या चेतकपुरीच्या रस्त्यावर येते, जो नवा कोरा असताना यंदाच्या पावसात खचला आणि देशभर गाजला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळपास निम्मी दुचाकीवरची. त्यांना कुठले तारे?

मला नवा शोध नको. महापालिकेनं एक अभियंता आणि एक टेप पाठवावी, एवढंच मागणं आहे. पण आपणही काही कमी नाही. गणपतीच्या मांडवाची कमान चार इंच सरकली तर बैठका घेणारे आपण, ब्रेकर मात्र अंदाजपंचे ओततो. मापात बांधू या, असं मी गल्लीच्या बैठकीत सुचवलं. ३.७ मीटर म्हणजे कोणाच्या फाटकासमोर, इथे बैठक मोडली.

आता या अंकाबद्दल. यंदाचा विषय ‘प्रवास’ आहे, त्यामुळे वरची कटकट विषयाला धरूनच आहे असं समजावं. २०२० साली थांबलेल्या ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेज रेल्वेवर दोन लेख आले. दोघा लेखकांनी स्थानकांचा क्रम वेगवेगळा दिलाय आणि दोघेही ऐकायला तयार नाहीत. दोन्ही छापले आहेत.