विश्लेषण : वीज गेली की टाकीतले मासे का मरतात? एअर पंप आणि एअर स्टोन घेताना काय पाहावे?

कल्याणहून मासे आणायचे, हवा भरलेली फुगीर पिशवी कसारा लोकलच्या गर्दीत सांभाळत आटगावला उतरवायची, टीव्हीशेजारच्या काचेच्या टाकीत मासे सोडायचे. मग एप्रिलमधल्या एखाद्या रात्री तीन-चार तास वीज जाते आणि सकाळी निम्मे मासे पोट वर करून तरंगत असतात. शहापूर तालुक्यात टाकी ठेवणाऱ्या घरांना हे नवे नाही. दोष अर्थातच विजेला दिला जातो. वीज जाते हे खरेच आहे, पण चार तासांत मासे मरत असतील तर ती टाकी आधीपासूनच पंपाच्या आधारावर कशीबशी तगून होती, असे समजावे. यावर दुकानातला नेहमीचा सल्ला असतो, ‘मोठा पंप घ्या.’ आमच्या मते तो चुकीचा आहे. पंप लहानच घ्यावा आणि वाचलेले पैसे वीज गेल्यानंतरच्या सोयीवर खर्च करावेत.

बुडबुड्यांतून मासे श्वास घेतात का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. एअर स्टोनमधून निघालेला बुडबुडा फूट-दीड फूट पाण्यातून वर यायला एखाद-दोन सेकंद घेतो. एवढ्या वेळात त्यातला फार थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. खरे काम होते ते पृष्ठभागावर. वर चढताना बुडबुडे तळाचे शिळे पाणी सोबत ओढून आणतात, पृष्ठभाग हलता ठेवतात आणि खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन तिथून पाण्यात शिरतो. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडही तिथूनच बाहेर पडतो.

म्हणून पंपाआधी टाकीचा आकार पाहायला हवा. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते. ३० बाय ३० तळाच्या आणि ६० सेंटीमीटर उंच टाकीतही ५४ लिटरच मावते. पण पहिलीचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटीमीटर, तर दुसरीचा ९००. पाणी तेवढेच, श्वासाची खिडकी निम्मी. उभट टाक्या दिवाणखान्यात शोभतात खऱ्या, पण वीज गेल्यावर आधी त्यांच्यातच गडबड होते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग हौदांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतो. तिथे कुठला पंप असतो? उघडे, पसरट पाणी आणि त्या मानाने कमी मासे, एवढ्यावर त्यांचे भागते.

धोका उन्हाळ्यात आणि पहाटेच का?

पाणी जितके तापेल तितका त्यात कमी ऑक्सिजन राहतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास आणि ३५ अंशांना सातपेक्षाही कमी. त्याच वेळी उष्णतेने माशांची ऑक्सिजनची गरज वाढत असते. पत्र्याच्या घरात मे महिन्यात टाकीचे पाणी सहज ३२-३३ अंशांवर जाते. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, असा दोन्ही बाजूंनी ताण पडतो.

पहाटेचे कारण वेगळे. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्या दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण रात्री त्याही तो वापरतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. सूर्य उगवायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की त्याच्या पोटात गोळा येतो. घरच्या टाकीतही खूण तीच. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून गिळल्यासारखे करू लागले तर त्यांना भूक लागली आहे असे समजून खाणे टाकू नये. उरलेले खाणे कुजते आणि राहिलेला ऑक्सिजनही खाते.

फायटर आणि गुरामी यांना हा त्रास कमी, कारण ते वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. फायटरच्या बरणीत जोरदार पंप लावणे म्हणजे त्याला दिवसभर पुराच्या पाण्यात पोहायला लावणे. गोल्डफिशचे उलटे आहे. हा खादाड, घाण करणारा आणि थंड पाण्यातला मासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी तोच हरतो. तरीही लहान मुलांना पहिला मासा म्हणून गोल्डफिशच का दिला जातो, हे कोडेच आहे.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

घरगुती पंपात एक विद्युतचुंबक असतो. त्यासमोरची चुंबक लावलेली दांडी सेकंदाला ५० वेळा हलते आणि तिला जोडलेला रबरी पडदा हवा ढकलतो. खोक्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : वॉट, मिनिटाला किती लिटर हवा आणि दाब. तीन वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी जेमतेम सव्वादोन युनिट वीज खातो. म्हणून बिल वाचवण्यासाठी रात्री पंप बंद करणे हे पैशाचे शहाणपण नाही आणि माशांच्या जिवावर बेतणारे आहे.

‘लिटर प्रतिमिनिट’ हा आकडा मात्र जपून घ्यावा. तो बहुधा नळी मोकळी असतानाचा असतो. नळी पाण्यात बुडाली, तिला बारीक छिद्रांचा स्टोन लागला, मध्ये एखादी पिळ पडली की प्रवाह बराच घटतो. दाबाचा आकडा एमपीएमध्ये असतो. ०.०१ एमपीए म्हणजे साधारण एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. घरातल्या फूट-दीड फूट खोल टाकीला तो पुरून उरतो. पन्नास-साठ लिटरच्या टाकीला दीड-दोन लिटर हवा देणारा एका तोंडाचा पंप पुरे. चार तोंडांचा पंप घेऊन तीन तोंडे बंद करून ठेवली तर आतल्या पडद्यावर ताण येतो आणि आवाजही वाढतो. टाकी मोठी असेल तर एका मोठ्या पंपापेक्षा दोन लहान पंप बरे. एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो.

स्टोन कोणता?

बारीक बुडबुड्यांचा स्टोन चांगला दिसतो, पण त्याला दाब जास्त लागतो आणि तो लवकर चोंदतो. जाड छिद्रांचा साधा स्टोन आवाज करतो, पाणी मात्र चांगले हलवतो. आटगावसारख्या ठिकाणी, जिथे टाकी बोअरच्या पाण्यावर आहे, तिथे साधाच घ्यावा. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बऱ्याचदा जड असते. बादलीवर, नळाच्या तोंडावर जो पांढरा थर दिसतो, तोच क्षार स्टोनच्या छिद्रांतही बसतो. बुडबुडे एकाच बाजूने येऊ लागले किंवा पंपाचा आवाज बदलला की स्टोन काढून काही तास व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि खळखळून धुवावा. तरीही सुधारला नाही तर फेकून द्यावा. चोंदलेल्या स्टोनसाठी जीव काढणाऱ्या पंपाचा पडदा फाटतो, आणि वाचवलेल्या वीस-तीस रुपयांपायी पूर्ण पंप जातो.

आमची खरी शिफारस मात्र स्टोनची नाहीच. त्याच नळीला स्पंज फिल्टर लावावा. हवा वर चढताना स्पंजमधून पाणी ओढले जाते, कचरा अडतो आणि स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया कमी करतात. पृष्ठभाग हलतोच. स्टोनवर खर्च होणारी हवा इथे दोन कामे करते. रंगीत दिवे, तोंड उघडणारा शिंपला, खजिन्याची पेटी हे सारे नंतर हौसेने घ्यावे.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते, भातसाही देते. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा घरात मे महिन्यात टाकीचे पंधरा-वीस लिटर पाणी बदलायचे म्हणजे हंडाभर पाणी ओतून द्यायचे. स्पंज फिल्टर आणि मोजके मासे असतील तर पाणी कमी वेळा बदलावे लागते, आणि काढलेले पाणी झाडांना उत्तम चालते. ज्या घराचा उन्हाळा टँकरवर आहे त्यांनी शंभर लिटरची टाकी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवे पाणी भरताना पंपाचा उपयोग आधी बादलीत करावा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर घातलेली असते. त्यातला क्लोरीन एक दिवस हवा सोडल्याने बराच निघून जातो. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी असतो, त्यालाही हीच मात्रा.

पंप कुठे ठेवावा?

टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर. पंप खाली जमिनीवर ठेवला आणि वीज गेली, तर हवेचा दाब संपताच टाकीतले पाणी नळीतून उलटे उतरू शकते. ते पंपात शिरले आणि तेवढ्यात वीज आली, तर शॉक लागण्याचा किंवा आग लागण्याचा धोका असतो. ज्या गावात वीज दिवसातून दोनदा जाते-येते तिथे हा धोका पुस्तकी नाही. वर जागा नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. एका वडापावच्या पैशांत येतो, तरी पंपासोबत तो मागून घ्यावा लागतो. व्हॉल्व्हमध्ये फुंकून पाहावे. ज्या बाजूने हवा जाते ती बाजू पंपाकडे. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करावीत, घाई असली तरी.

पंप खोलीतली हवाच टाकीत ढकलतो, हेही विसरले जाते. डासांची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा, नवा रंग, चुलीचा धूर जे काही खोलीत असेल ते नळीतून पाण्यात जाते. डास मारायच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड वर्गातली रसायने असतात आणि ती माशांसाठी अतिशय विषारी आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी दारे लावून कॉइल पेटवली जाते, त्या खोलीत टाकी नसलेलीच बरी. फवारणी करायचीच असेल तर टाकी झाकून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा.

वीज गेल्यावर काय?

घरात इन्व्हर्टर असेल तर पंपाचा प्लग त्या लाइनवर घ्यावा. पंख्याच्या मानाने तीन वॉट म्हणजे काहीच नाही. इन्व्हर्टर साध्या प्रकारचा असेल तर पंप जरा जास्त घरघरेल. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंप घ्यावा. एक वॉटचा असा पंप १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर एक दिवस तरी चालावा. मात्र काही पॉवर बँका एवढा कमी वापर असला की ‘मोबाइल काढला’ असे समजून आपोआप बंद होतात. म्हणून दिवसा, वीज असताना, दोन-तीन तास चालवून पाहावे.

यातले काहीच हाताशी नसेल तर तांब्या आहे. टाकीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतायचे, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-दहा वेळा. खाणे पूर्ण बंद, झाकण उघडे, टाकीभोवती ओले फडके. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. तापमान एकदम उतरले की मासे त्यानेच दगावतात.

वीज आल्यावर पंप नुसताच गुणगुणत असेल आणि हवा येत नसेल, तर आतला रबरी पडदा गेला असण्याची शक्यता जास्त. अनेक पंपांचे पडदे सुटे मिळतात. जुना काढून सोबत न्यावा, त्याच मापाचे दोन आणावेत आणि एक घरात ठेवावा.