रॉजर्स कधीच सैनिक नव्हते



मुलांचे लाडके अमेरिकी बाहुलीकार फ्रेड रॉजर्स व्हिएतनाम युद्धात नेमबाज होते आणि हातावरचे गोंदण झाकायला लांब बाह्यांचे स्वेटर घालत, असे गेल्या अंकातील पत्रात वाचले. ही कंडी जुनी आहे आणि साफ खोटी. रॉजर्स यांचा जन्म १९२८चा. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ते १७ वर्षांचे होते. पुढेही सैन्यात ते कधीच गेले नाहीत. १९५१मध्ये संगीताची पदवी घेतली, १९५४पासून पिट्सबर्गच्या स्थानिक वाहिनीवर पडद्याआडून डॅनियल नावाचा लाजरा वाघ बोलता केला, १९६३मध्ये पाद्री झाले. आणि ते स्वेटर? आईने हाताने विणलेले!

युद्धाशी त्यांचा खरा संबंध वेगळाच आहे. फेब्रुवारी १९६८. व्हिएतनाम पेटलेले. त्यांच्या देशव्यापी कार्यक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात बाहुला-राजा फ्रायडे बदलाच्या धास्तीने सीमेवर पहारे बसवतो. शेजारीपाजारी त्याच्या गढीवर फुगे सोडतात. फुग्यांना प्रेमाच्या, शांततेच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. राजा विरघळतो. चिमुकल्यांसमोर युद्धाचा विषय इतक्या हळुवारपणे काढणाऱ्या माणसाच्या हाती आपण बंदूक द्यावी, याचे मला फार वाईट वाटले. पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे