हमीचे मोल आणि जुन्याची पत

ज्या विक्रेत्याने अर्धा तास वॉशिंग मशीनच्या मोटारीची तारीफ करून ‘साहेब, दहा वर्षे बघायला नको’ असे छातीठोकपणे सांगितलेले असते, तोच पैसे भरण्याची वेळ येताच आवाज उतरवून ‘बोर्ड गेला तर मात्र आठ हजारांना बसेल’ अशी पुस्ती जोडतो आणि ३,४०० रुपयांची दोन वर्षांची ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ पुढे करतो. यंत्र उत्तम असेल तर हा भुर्दंड कशासाठी, आणि तकलादू असेल तर मघाची तारीफ कशासाठी, हा साधा प्रश्न त्या घटकेला कोणी विचारीत नाही. कारण घरची मंडळी ताटकळलेली असतात, टेम्पोवाला बाहेर खोळंबलेला असतो, आणि २८,००० मोजायला बसलेल्या माणसाला आणखी तीन हजार फारसे जाणवत नाहीत. मीही तो विचारला नाही.

वाढीव हमीच्या कैवाऱ्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि तो आहे त्याहून दुबळा करून मांडणे वादाच्या सभ्यतेला सोडून होईल. ते म्हणतात, जुना माल घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे. विकणाराला मालाचे वैगुण्य ठाऊक असते, घेणाराला नसते. म्हणून जो तो पडेल भाव देतो, पडेल भावात चांगला माल कोणी आणीत नाही, आणि शेवटी बाजारात गाळच उरतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचा दाखला घेऊन हाच सिद्धान्त मांडला, आणि २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत तो होता. या व्याधीवरचा एक उतारा म्हणून त्याने हमीचाही निर्देश केला आहे. तेव्हा हमीवाल्यांना तो आपलाच साक्षीदार वाटावा हे स्वाभाविक आहे.

परंतु उलटतपासणी केली की हा साक्षीदार फिरतो. हमी हा उतारा ठरतो तो विक्रेता स्वतःच्या पदराला खार लावून मालाला जामीन राहतो म्हणून. कंपनी नव्या यंत्राबरोबर मूळ किमतीतच जी एक वर्षाची हमी देते ती या जातीची. बिघाड झाला तर तोशीस तिला. उलट जिचे पैसे ग्राहकच, वर अठरा टक्के जीएसटीसह, निराळे मोजतो, ती मालाविषयीची ग्वाही कसली? तो काउंटरवरचा आणखी एक माल. आणि या मालाच्या बाबतीत किती यंत्रे कितव्या वर्षी बिघडतात याचा हिशेब विकणाराच्या दप्तरी असतो, घेणाराला फार तर आपल्या मेहुण्याच्या मशीनची हकीकत ठाऊक असते. अ‍ॅकरलॉफचा अज्ञ ग्राहक शोधायला जुन्या बाजारात जाण्याचे कारण नाही. तो शोरूममध्येच उभा आहे.

यंत्रांच्या बिघाडाचा आलेख अभियंते न्हाणीघरातल्या टबाच्या आकाराचा काढतात. घडणीतले दोष आरंभीच डोके वर काढतात, झिजेचे दोष बऱ्याच वर्षांनी येतात, आणि मधला काळ पुष्कळसा सपाट जातो. आरंभ कंपनीच्या मूळ हमीत सरतो, अखेर बहुधा वाढीव हमीची मुदत संपल्यावर उजाडते. म्हणजे आज रोख मोजलेली रक्कम बारा महिन्यांनी जागी होऊन नेमक्या त्या सपाट भागावर पहारा देते. तरीही माझा बोर्ड दुसऱ्याच वर्षी, जूनच्या पहिल्या वादळी रात्री गेला, हे कबूल केले पाहिजे. तंत्रज्ञ आला, झाकण काढून मोबाइलच्या उजेडात त्याने बोर्डावरचा एक काळवंडलेला ठिपका दाखविला, आणि अहवालात ‘विद्युत्दाबातील चढउतार’ असे लिहून माझी सही घेतली. चढउतार शर्तींत वगळलेले होते. त्यांच्या शेजारी ओलावा, उंदीर आणि मुंग्याही होत्या. फिर्याद नामंजूर झाली. तोच बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने ९०० रुपयांत चालू करून दिला. जळाला होता तो बोटाच्या नखाएवढा एक व्हॅरिस्टर.

आता मंडनाकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप मिळतात. ज्यांच्या घडणीतच खोट होती ते केव्हाच बाद झालेले असतात. उरलेले त्या सपाट भागावर असतात. मी २४,००० रुपयांना एक घेतला त्या दिवशी दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी तासभर स्टुलावरून उठलो नाही. बॅटरीचा अहवाल काढला तर मूळ क्षमतेपैकी बासष्ट टक्केच उरली होती, त्यापोटी १,५०० रुपये उतरवून घेतले. एसएसडी किती तास चालली ते तिच्याच नोंदीत वाचले, पांढरा पडदा उघडून काळे ठिपके शोधले, प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह खुपसून पाहिला, बिजागरीशी कान नेऊन झाकण दहा वेळा उघडले-मिटले. ज्या अज्ञानापायी जुना बाजार बदनाम झाला ते एवढ्या खातरजमेने बरेचसे फिटते. वाढीव हमीच्या हिशेबाची अशी रुजवात ग्राहकाला कोणत्याही शोरूममध्ये करता येत नाही.

सगळेच जुने घ्यावे असा माझा आग्रह नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तेवढे न पाहता स्वस्ताईला भुलणारा फसतो. जुन्या मोबाइलचा आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासून घ्यावा, आणि पावती नसेल तर तो घेऊच नये. ज्याचे पोटच यंत्रावर आहे त्याला हमीची गरज अधिक, असे म्हणतात. पण दुरुस्तीला आठ दिवस लागले तर ते आठ दिवस हमीपत्रावर काम करता येत नाही. त्याने ते पैसे दुसऱ्या जुन्या यंत्राकडे वळवून ते कपाटात ठेवावे.

आणि ज्यांना वाढीव हमी घ्यायचीच आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी वगळलेल्या गोष्टींची संपूर्ण यादी हातात मागावी. मला ती ईमेलवर आली. पैसे भरल्यानंतर चौथ्या दिवशी.