अंधार हेही औषधच

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात. तिचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू येतात. आपल्या इंदुरात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांचा असतो. चंद्राच्या कलांचे आवर्तन साडेएकोणतीस दिवसांचे. समुद्राची भरती-ओहोटी मुख्यतः त्याच्याच आकर्षणाने होते.

पालकांची भीती मात्र चंद्राभोवतीच घुटमळते. अमावस्येला आकडी येते, पौर्णिमेला प्रसूती वाढतात, या समजुतींना विश्वासार्ह आधार सापडलेला नाही. सूर्याचे चक्र मात्र देहात खरोखरच वसते. या जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवजात बालकाचे हे घड्याळ पुरते लागलेले नसते. मेलाटोनिनची रात्रीची लय साधारणतः दोन-तीन महिन्यांनी दिसू लागते. ती जुळण्यास दिवसाचा उजेड हवा, तसाच रात्रीचा अंधारही हवा. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना असा आलटून-पालटून प्रकाश मिळाल्यास वजनवाढीस लाभ होतो, असे काही अभ्यास सुचवितात.

तरीही अनेक नवजात कक्षांत अहोरात्र दिवे जळतात आणि घरी मध्यरात्री मोबाइलचा पडदा उजळतो. देखरेखीसाठी प्रकाश हवाच. परंतु तो खाटेपुरता ठेवता येतो. आपण औषधाच्या वेळा काटेकोरपणे लिहितो. त्याच चिठ्ठीवर ‘दिवसा उजेड, रात्री अंधार’ एवढे चार शब्दही लिहावेत. त्यास खर्च काहीच नाही.