जुन्या मालमोटारीचे डिझेल कोठे जाते?

शेतमालाची पट्टी हाती पडली म्हणजे शेतकऱ्याची नजर प्रथम भावाकडे व नंतर हमाली-तोलाईकडे जाते. वाहतुकीचा आकडा ठरलेलाच, तो बदलणारा नव्हे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ज्या गावी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची मालमोटार घेतली आहे, तेथे हा आकडा पुष्कळसा आपल्याच हाती असतो. अशी गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते. काही हंगामांनंतर ती डिझेल अधिक पिऊ लागते, चढावर दम टाकते, आणि मग तिला कारागिराकडे नेऊन तिचा पंप उघडला जातो. या घाईसंबंधी मला लिहावयाचे आहे.

यात माझीही चूक आहे, ती आधीच सांगतो. ओतूर भागातील एका गटाची सहाचाकी गाडी कांदा व भाजीपाला घेऊन माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात जाते. जाताना ती भरलेली घाट उतरते, येताना रिकामी चढते. गेल्या हिवाळ्यात ती रिकामी असूनही चढावर अडखळू लागली व लिटरमागे सुमारे दीड किलोमीटर कमी पडू लागले. मला विचारले तेव्हा मीही पंपाकडेच बोट दाखविले. पंप व नोझल यांची दुरुस्ती झाली, गटाचे पैसे गेले, आणि गाडी होती तशीच राहिली.

जे प्रथम करावयास हवे होते ते आम्ही नंतर केले. म्हणजे चढावर गाडीचा धूर पाहिला. जुन्या डिझेल इंजिनात चालक पाय दाबतो तेव्हा तो केवळ डिझेल वाढवितो. हवा इंजिन आपल्या ओढीने घेते. एक लिटर डिझेल पूर्ण जळावयास किमान 12 किलो, म्हणजे सुमारे 10 घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. तेवढी हवा न मिळाल्यास डिझेल अर्धवट जळून काजळी होते. यास्तव गाडीस ओढ नाही व काळा धूर सुटतो आहे, असे दिसल्यास आधी हवेची वाट तपासावी. ओढ नाही आणि धूरही नाही, असे असेल तर इंजिनास पुरेसे डिझेल पोचते की नाही ते पाहावे. फिल्टर तुंबला असेल, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल, नळीत हवा शिरली असेल, किंवा पायाखालच्या दांडीचे सांधे झिजून पंपाचा दांडा शेवटपर्यंत जातच नसेल. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. तापलेल्या इंजिनाचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो.

हवेच्या जाळीविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या गाड्या डांबरी रस्त्यापेक्षा बांधावरच्या धुळीत अधिक तुंबतात. कागदी फिल्टर असल्यास तो टायरवर आपटून झटकू नये. त्याच्या घड्या फाटतात आणि तीच धूळ पुढे इंजिनात जाते. हवा मारावयाची तर हलक्या दाबाने आतून बाहेर मारावी. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर तळाचा गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण अधिक भरलेले तेल हवेलाच अडविते. टर्बो असलेल्या गाडीत त्यापुढची रबरी नळी फुटली तरी काळा धूर दिसतो.

आमच्या गाडीस काळा धूर नव्हता, डिझेलची वाटही मोकळी होती व पाय दाबताच इंजिन जोरात फिरे. अशा वेळी दोन शक्यता उरतात. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. तसे नसेल तर गाडीच अडून धरली जात आहे. आम्ही सपाट जागी, चालकाला जागेवर बसवून व ब्रेकच्या हवेचा दाब पाहून, रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली. चार माणसांना ती हलेना. मग दहाबारा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, चालवून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेला. (हबला हात टेकवू नये, भाजतो.) मागचे डावे चाक इतरांहून कितीतरी अधिक तापले होते. ब्रेकचा कॅमशाफ्ट गंजून अडकला होता आणि लायनर सतत ड्रमला घासत होता. टायरांतही हवा कमी होती.

दोष सापडला याचा आनंद झाला, पण भीतीही वाटली. हीच गाडी भरलेली घाट उतरत होती. आधीच तापलेला ड्रम लांब उतारावर आणखी तापला म्हणजे ब्रेक लागेनासा होतो. त्यातून चालक डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करी. ही समजूत साफ चुकीची आहे. गिअरमध्ये उतरताना पाय उचललेला असला की पंपाचा गव्हर्नर डिझेल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत नाही, आणि इंजिनाचा अडसर जाऊन सारा भार ब्रेकवर येतो.

कारागिरांचे दोन उपायही मला मान्य नाहीत. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकल्यास रात्रीच्या थंडीत इंजिन योग्य उष्णतेला पोचतच नाही. डिझेल अधिक जळते व झीज वाढते. पंपाचे सील तोडून डिझेल वाढविल्याने हवा वाढत नाही, धूर वाढतो. दोष नव्या डिझेलचा आहे, असेही काहीजण सांगतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 चे इंधन आले व त्यातील गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. परंतु गंधकावर गाडीची ओढ अवलंबून नसते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत एक वही तेवढी सुरू करून द्यावी. त्याच पंपावर, सपाट जागी, टाकी त्याच खुणेपर्यंत भरावयाची. किलोमीटर, डिझेल व माल किती नेला हे लिहावयाचे. काटा बंद असेल तर रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांवरून अंतर धरावे. तीन-चार खेपांचे आकडे समोर असल्याशिवाय गाडी खरोखर अधिक पिते की टाकीला गळती आहे, हे सांगता येत नाही. (डिझेल कधी टाकीतून इंजिनाऐवजी डब्यात जाते, तेही याच वहीत दिसते.) आमच्या गटाची वही कॅमशाफ्ट मोकळा केला त्या दिवसापासून सुरू आहे. लिटरमागे कमी पडलेले बहुतेक सारे अंतर भरून आले, आणि या कामाचा खर्च पंपाच्या बिलाहून पुष्कळ कमी होता.